‘संघर्ष नाही, कारण कोणीच भांडत नाही’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या बुधवारच्या अंकात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या सदरात ‘कथेतील संघर्ष ओळखा’ अशी एक चौकट तुम्ही छापली. डावीकडं पाच गोष्टींची नावं, उजवीकडं ‘आंतरिक’ आणि ‘बाह्य’ असे दोन रकाने, आणि त्यात बरोबरच्या खुणा. खाली ठळक टाइपात सूचना : ‘प्रत्येक कथेसाठी एकच खूण करावी.’ दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या अकरा मुलांच्या वहीत ती चौकट कापून चिकटवलेली होती. दोघांनी तर वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली होती, म्हणजे पावसात दप्तर भिजलं तरी ती शाबूत राहावी. तुमच्या छापील अक्षराला आमच्याकडं एवढा मान आहे. म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे हे मला माहीत आहे. कृपा करून मधूनच कापू नका.

मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. त्यामुळं तुमच्या चौकटीबद्दल बोलण्याआधी माझी स्वतःची चूक सांगितलेली बरी.

नोकरीचं चौथं वर्ष असेल. नववीच्या सहामाहीला अपठित उतारा म्हणून मी एक गोष्ट रचून दिली होती. एका मुलाला तासगाव स्टँडवर बाकड्याखाली पाकीट सापडतं. आत बाराशे रुपये आणि एका म्हातारीचा फोटो. घरी बहिणीची परीक्षा फी थकलेली. मुलगा पाकीट खिशात घालून एसटीत बसतो, दोन थांबे जातो, उतरतो, चालत परत येतो आणि पाकीट कंट्रोलरच्या खिडकीत सरकवतो. प्रश्न होता, ‘या कथेतील संघर्ष स्पष्ट करा’, गुण चार. एका मुलानं एकाच ओळीत उत्तर लिहिलं : ‘या कथेत संघर्ष नाही, कारण कोणीच भांडत नाही.’ मी शून्य दिलं आणि लाल शाईत शेरा मारला, ‘उतारा नीट वाच.’

त्यानं उतारा नीट वाचला होता. वाचला नव्हता तो बाकीच्यांनी. ‘गरिबीविरुद्धचा संघर्ष प्रभावीपणे चित्रित झाला आहे’ असं गाइडमधलं वाक्य तीसेक जणांनी उतरवलं होतं आणि त्यांना मी चारपैकी तीन दिले. ते वाक्य कुठल्याही गोष्टीखाली चालतं. बहुधा माझ्या या पत्राखालीही चालेल.

त्या मुलाचा दोष काय? आमच्या भागात ‘संघर्ष’ हा शब्द पोरं कुठं ऐकतात ते बघा. उसाच्या दरासाठी संघर्ष, पाण्यासाठी संघर्ष, रस्त्यात आडवा घातलेला ट्रॅक्टर, जळणारं टायर, फलकावर मुठी आवळलेले हात. पोरानं शब्दाचा अर्थ गावातून उचलला आणि प्रामाणिकपणे लावून पाहिला. पाकिटाच्या गोष्टीत कुणी मूठ आवळत नाही. मग संघर्ष कसा असेल?

आतल्या ओढाताणीला पोरांजवळ शब्द नसतात असं मात्र नाही. भरपूर असतात. जीव वरखाली होतो, घालमेल होते, मन खातं, धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. फक्त ते शब्द मराठीच्या पेपरात लिहायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पुढं काही वर्षांनी तीच पाकिटाची गोष्ट मी वर्गात पुन्हा सांगितली. या खेपेला ‘संघर्ष’ शब्द काढलाच नाही. विचारलं, ‘एसटीत बसलेल्या त्या पोराचं काय चाललंय?’ पाठीमागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘एकट्याचीच कुस्ती चाललीया, मॅडम.’

संपादक महोदय, ज्या तालुक्यात कुंडलचं कुस्तीचं मैदान भरतं तिथल्या वर्गाला एकदा कुस्ती म्हटलं की पुढचं शिकवावं लागत नाही. ‘कुस्ती आहे तर जोड कोण?’ मी विचारलं. ‘एक बहिणीची फी. दुसरी ती म्हातारी, फोटोतली.’ ‘निकाली का बरोबरीत?’ ‘निकाली. पण दोन स्टॉप लागलं की.’ दोन थांबे कशासाठी घातले आहेत, हे गोष्ट रचताना मलाही इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात ‘संघर्षाचा प्रकार कोणता’ असं कुणी विचारत नाही. ‘जोड कोण?’ असं विचारतात. जोड समोर उभी असेल, माणूस, नदी, डोंगर, गाव, चालरीत, तर ती बाहेरची कुस्ती. दोन्ही पैलवान एकाच अंगात असतील तर आतली. आणि बहुतेक चांगल्या गोष्टींत दोन्ही फड एकाच वेळी चालू असतात. इथंच तुमची ‘एकच खूण करावी’ ही सूचना मला खटकली. दर एकादशीला आमच्या देवळात म्हातारी माणसं तुकोबांचा अभंग म्हणतात, ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन.’ तुमचे दोन्ही रकाने एका ओळीत आहेत आणि मधे रेघ नाही.

आता तुमच्या चौकटीतल्या गोष्टी घेऊ. पहिलीच चिऊ-काऊची. तुम्ही खूण केली ‘बाह्य’वर, कंसात ‘निसर्गाशी’. पाऊस आला, काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, चिऊचं मेणाचं राहिलं. काऊपुरतं बरोबर आहे. पण गोष्ट काऊचं घर वाहून गेल्यावर थांबते का? तिथून तर ती सुरू होते. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’ ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.’ ‘थांब, तीट लावू दे.’ पाचवीत हे वाचून दाखवताना मी सहज विचारलं, ही चिमणी दार का उघडत नाही? ‘ती आप्पलपोटी हाय,’ असं पहिलं उत्तर आलं. तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीतला एक मुलगा बोलला. बीडकडचा. दिवाळीनंतर या टोळ्या येतात, उसाच्या फडाच्या कडेला खोपी पडतात, मार्चच्या आसपास पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की मुलं जातात. चार महिन्यांचा विद्यार्थी, हजेरीपटावर तात्पुरता. वर्गात फार बोलायचा नाही. तो म्हणाला, ‘उघडायचंच नसतं तर नाही म्हणली असती. थांब कशाला म्हणती?’

मी सव्वीस वर्षांत या गोष्टीवर इतकं नेमकं वाक्य ऐकलेलं नाही. नाही म्हणणारा मोकळा होतो. ‘थांब’ म्हणणाऱ्याच्या आत खडाखडी चालू असते. एका मुलीला लगेच पटलं. पुराच्या वेळी त्यांच्यात मामाकडचे नऊजण महिनाभर राहिले होते आणि तिची आज्जी सारखी ‘थांबा हं, आधी एवढं आवरते’ म्हणायची. ‘म्हणजे आज्जी वाईट नव्हती. पण तिला पीठ पुरवायचं हुतं.’ चिऊताईला आमच्या वर्गानं त्या दिवशी माफ केलं. पूर्ण नाही, निम्म्या वर्गानं.

यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तुमच्या सदरात ती कुठंच नाही. आतली कुस्ती ‘त्याच्या मनात द्वंद्व सुरू झाले’ अशा वाक्यात क्वचित असते. चांगला गोष्ट सांगणारा तसं लिहीतच नाही. ती अडखळण्यात असते. पात्र कुठं थांबतं, कुठं दोनदा तेच करतं, तोंडानं एक बोलतं आणि हातानं दुसरं करतं, तिथं बोट ठेवायचं. मी पोरांना सांगते, हात बघा, पाय बघा, तोंडावर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट हिरकणीची. तुम्ही ‘आंतरिक’ लिहिलं आहे : भीती आणि माया. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही हेच सांगत होते. फळ्यावर एका बाजूला भीती, एका बाजूला माया, मधे बाण. एकदा सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला. ‘मॅडम, तिचं तर ठरलेलंच हुतं. बाळ खाली हाय, म्हणजे जायचंच. ती कुठं थांबली?’ मी म्हटलं, अगं पण कडा बघून तिला भीती वाटली असेलच की. ती म्हणाली, ‘वाटली असंल. पण भीती म्हणजे कुस्ती न्हवं. पैलवान एकटाच असला तर त्या जोर-बैठका.’ वर्ग हसला. मी फळा पुसला.

तिचं म्हणणं बरोबर होतं. भीती, दुःख, राग, काळजी यांना आपण सर्रास आंतरिक संघर्ष म्हणून मोकळे होतो. पण एका भावनेचा संघर्ष होत नाही. दोन इच्छा लागतात, आणि दोन्ही खऱ्या लागतात. गडाचा दरवाजा सूर्यास्ताला बंद होतो, पहारेकरी उघडत नाहीत, खाली तान्हं मूल आहे. दरवाजा उघडा ठेवून बघा, गोष्टच उरत नाही. गवळण दूध घालून घरी गेली, संपलं. म्हणजे ही अंगाखांद्यानं बाहेरची गोष्ट आहे. पाकिटाच्या गोष्टीत मात्र बाहेरचं काहीही काढा, एसटी काढा, स्टँड काढा, कंट्रोलर काढा, कुस्ती जागची हलत नाही. एखादी गोष्ट आतली की बाहेरची असा वाद झाला की आम्ही हेच करतो : अडथळा काढून बघतो. अर्जुनाचं तर सोपं आहे. समोरचं सैन्य ठरलेलं, शंख फुंकून झालेले, अठरा अक्षौहिणी माणसं खोळंबली आहेत आणि रथ मधे उभा आहे, कारण एकाचं आतलं सुटत नाही.

तानाजीच्या बाबतीत मात्र मी अडकले. ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’ हे वाक्य पोरांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. मी नववीला लिहायला दिलं : मुलाच्या लग्नाचं आवतण घेऊन आलेला बाप हे वाक्य बोलतो, बोलण्याआधीच्या चार श्वासांत त्याच्या मनात काय आलं असेल? उमरठ्याला मांडव, पाहुणे, नवरामुलगा, सगळं डोळ्यांपुढं असणारच. अर्ध्या वर्गानं कोरा कागद दिला. एकानं प्रामाणिकपणे येऊन सांगितलं, ‘मॅडम, तानाजी मालुसऱ्यांना शंका आली असं लिवलं तर मधल्या सुट्टीत मार खाईन.’ मी आग्रह धरला नाही. पण शंका आली म्हणून माणूस लहान होतो, ही समजूत त्यांना कुणी दिली असेल याचा विचार करत घरी गेले. आपण शूरांच्या गोष्टी सांगताना ते चार श्वास कापून टाकतो आणि मग पोरांना वाटतं, शूर माणसाच्या आत काही चालतच नाही.

(हे वाक्य छापताना कृपया जपून छापा. गाव लहान आहे.)

दरवर्षी ५ नोव्हेंबरला तुम्ही रंगभूमी दिनाचा लेख देता. १८४३, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’, नाट्यपंढरी सांगली, हे सगळं त्यात असतं. त्याला जोडून माझं एक निरीक्षण. ती सुरुवातीची पौराणिक नाटकं ‘अललडुर्र’ म्हणून ओळखली जायची. राक्षस आरोळी ठोकत यायचा आणि जोड कोण ते शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळायचं. छप्पन्न वर्षांनी, १८९९ मध्ये, सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ आलं. त्यात राक्षस नाही. म्हातारा भुजंगनाथ आहे आणि पैशासाठी पोरगी त्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप आहे. दहावीत हे कथानक सांगून मी विचारते, या बापाच्या, कांचनभटाच्या मनात संघर्ष आहे का? हुशार मुलं लगेच हो म्हणतात. बाप आहे म्हणजे असणारच. यंदा एक जण म्हणाला, ‘न्हाई. त्याचा हिशेब झालेला हाय.’ वर्ग एकदम गप्प झाला. तुमच्या चौकटीत ‘आत काहीच नाही’ असा तिसरा रकाना नाही. त्या नाटकातल्या बापाला नेमका तोच लागतो.

पुराबद्दल लिहायचं की नाही, असं माझंही चिऊताईसारखं चाललं होतं. लिहिते.

आमच्याकडं जून लागला की पोरं एकमेकांना ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पाढ्यांसारखं पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. बाहेरच्या पुराला अशी फूटपट्टी असते. त्या वर्षी शाळा पुन्हा भरल्यावर मी कुठलाही निबंध दिला नव्हता. भिंतीवर गाळाची रेघ होती आणि तिच्याखाली बसून पुरावर लिहा म्हणणं बरं दिसलं नसतं. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसं गेली, ती घटना मी आजही वर्गात उदाहरण म्हणून घेत नाही. कुणाच्या तरी घरची ती गोष्ट असते.

पण दिवाळीनंतर आठवीतल्या एका मुलीनं आपणहून दोन पानं आणून दिली. नाव आली, आज्जी म्हशीला सोडून यायला तयार नाही, नावेत म्हैस बसत नाही. ती म्हैस आज्जीनं पारडी असल्यापासून वाढवलेली. मग वडिलांनी काय केलं, ते मी तिच्याच शब्दांत देते, तिला विचारून : ‘पप्पांनी दावं सोडलं. तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. परत गेले आणि अजून एक मारली. मग नावेत बसले. कोण बोललं नाही.’

वर्गात हे वाचलं तेव्हा पोरांनी जोड शोधली. बाहेरची जोड पाणी, ते कुणीही सांगेल. पाणी काढा, गोष्ट गेली. आतली कुणाची? सगळ्यांनी आज्जी म्हटलं. मुलगी म्हणाली, आज्जीचं न्हाई, आज्जीचं ठरलेलं होतं, ती येणारच नव्हती, तिला उचलून आणली. कुस्ती पप्पांची. कशावरून? ‘ती तिसरी थाप,’ ती म्हणाली. तिनं मुद्दाम लिहिली नव्हती, तशी घडली म्हणून लिहिली. म्हशीचं पुढं काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते लिहिलेलं नाही.

आता शेवटचं उदाहरण, आणि यात माझा कान धरला गेला म्हणून ते सांगणं भाग आहे.

पुणे–मिरज लोहमार्गावर साताऱ्याच्या हद्दीत मसूर स्टेशन आहे. आमची बरीच मुलं पॅसेंजरनं जाताना ते बघतात. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली काही मुलं तिथं उतरली. त्यांत एक भीमराव, सोबत भाऊ आणि बहिणीची मुलं. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला तलावाच्या कामावर होते. न्यायला कुणी आलं नव्हतं. मुलांचे कपडे चांगले. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं विचारपूस केली. कोण तुम्ही, असं विचारल्यावर मुलांनी महार म्हणून सांगितलं. मास्तरचा चेहरा पालटला, तो आपल्या खोलीत निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला आणि मुलांना म्हणाला, आता काय करणार तुम्ही? गाडीवान कुणी मिळेना. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही असा की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बरोबर चालत येणार. अंधार पडल्यावर तोच गाडीवान उडी मारून गाडीत येऊन मुलांशेजारी बसला. वाटेत पाणी कुणी दिलं नाही. घरून दिलेला डबा पाण्यावाचून पुरता खाता आला नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः आपल्या आठवणींत लिहिलं आहे.

नववीला मी काम दिलं : मास्तरच्या खोलीतला तो अर्धा तास. तो आत काय करत होता, आणि परत का आला? मुलं सुटलीच. जोड सापडायला वेळ लागला नाही. दया आणि विटाळ. माणुसकी आणि ‘लोक काय म्हणतील’. एकानं सुंदर लिहिलं होतं की मास्तर आत जाऊन रिकाम्याच वहीत काहीतरी लिहीत बसला. मी खुशीत होते. फळा भरला होता. इन्स्पेक्शनला कुणी आलं असतं तर शाबासकी मिळाली असती. तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरची मुलगी उठली. एरवी शांत. म्हणाली, ‘मॅडम, तहान त्या पोरांना लागलीया आणि अर्धा तास झाला आपण मास्तरच्याच मनात बसलोय.’

मी खडू ठेवला. तास संपायला दहा मिनिटं होती, ती आम्ही मुलांकडून वाचण्यात घालवली. त्यांच्यापुढची जोड कुणी एक माणूस नव्हतीच. मास्तर तिच्यातला, गाडीवान तिच्यातला, पाणी न देणारे सगळे तिच्यातले. दार न उघडणाऱ्याच्या मनातली घालमेल शोधायला मीच शिकवलं होतं. चिमणीला माफ करायला मला आवडलं होतं. पण बाहेर भिजणारा काऊ आधी बघायचा, हे त्या मुलीनं शिकवलं. गाडीवान अंधारात गाडीत का चढला यावर चर्चा करायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी एकानं सांगितलं, ‘वाघ-चोराची भीती. रात्री जात दिसत न्हाई, मॅडम.’ त्याला आंतरिक म्हणायचं की बाह्य, हे तुमच्या सदरकारांनीच सांगावं.

परीक्षेचं मला कळतं. दहावीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन आहे, स्वमताचे प्रश्न आहेत, पुढं बारावीला कथा हा साहित्यप्रकारच अभ्यासाला आहे. पालक येऊन सांगतात, ‘मॅडम, एकच उत्तर सांगा, पोरगं घोटाळ्यात पडतंय.’ त्यांचंही चुकीचं नाही. द्राक्षबागेच्या फवारणीतून वेळ काढून ते शाळेत आलेले असतात आणि घोटाळा त्यांना घरी पुरेसा असतो. पण स्वमताच्या प्रश्नालासुद्धा पाठ केलेलं मत लिहायचं म्हणजे फार झालं. माझा अनुभव एवढाच आहे की ‘आंतरिक’ हा शब्द विसरलेलं पण जोड सापडलेलं पोर चार ओळी स्वतःच्या लिहितं, आणि तपासणाऱ्याला त्या ओळी ओळखू येतात. मी नियामक म्हणून बसले आहे, शेकडो पेपर बघितले आहेत. गाइडचं वाक्य पहिल्या तीन शब्दांत कळतं.

तेव्हा विनंती अशी. सदर बंद करा असं मी म्हणत नाही. मुलं ते वाचतात. चौकटीतल्या खुणा तेवढ्या काढा. दर बुधवारी तेवढ्याच जागेत एक लहान गोष्ट छापा, लोककथा असो की कुणाच्या घरची, आणि खाली उत्तर देऊ नका. उत्तर पुढच्या बुधवारी दिलंत तरी मुलं सात दिवस भांडतील आणि अंकही राखून ठेवतील. हिरकणीच्या पुढची खूण चुकली आहे, तेवढी दुरुस्ती मात्र लगेच छापावी. माझ्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. छापून आलं की ठेवतात. चिकटपट्टी काढायला वेळ लागतो.

ज्याला मी शून्य दिलं होतं त्याचा पुतण्या यंदा माझ्या दहावीत आहे. चिकटपट्टी मारणाऱ्या दोघांतला एक तोच.

माझं नाव छापू नये. पत्रात मुलांच्या घरच्या गोष्टी आल्या आहेत आणि गावात मराठीच्या मॅडम दोनच आहेत.

आपली,
एक मराठी शिक्षिका
पलूस तालुका, जि. सांगली

ता. क. : चिऊ-काऊच्या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा असतो. काऊ आत येतो, चुलीपाशी बसतो आणि भाजतो, असा एक. दार उघडेपर्यंत पाऊसच थांबतो, असा एक. काऊ उडून जातो आणि चिऊ दारात उभी राहते, असा एक. वर्गात आतापर्यंत पाच जमले आहेत. ऊसतोडीच्या त्या मुलाला त्याचा शेवट विचारायचा राहिला, तो मार्चमध्ये गेला. आपल्या वाचकांपैकी बीडकडच्या कुणाला वेगळा शेवट ठाऊक असेल तर कळवावा.